नाताळची रीथ गिम्प 3.0 मध्ये: फांद्या झकास, उजेडाची शिस्त मात्र तुमची तुम्ही पाळायची

आधी शब्दाचं बघू. मराठीत 'पुष्पचक्र' म्हटलं की स्मारक, मानवंदना आणि बिगुल आठवतो. 'तोरण' म्हणावं तर ते दारावर आडवं बांधतात. थंडीत दाराला लावायच्या त्या गोल, सदाहरित फांद्यांच्या हाराला आपल्याकडे नीटसा शब्दच नाही, म्हणून इथे सरळ 'रीथ' म्हटलंय. वसई-गोव्याकडच्या घरांत आणि परदेशातल्या मराठी मंडळींमध्ये तोच शब्द चालतो.

हे परीक्षण गिम्प 3.0 या चित्रं काढायच्या आणि फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचं आहे, तेही एकाच कामापुरतं: शुभेच्छापत्रावर, पोस्टवर किंवा स्टिकरवर वापरता येईल अशी हिवाळी रीथ अगदी पहिल्या सुईपासून (फांदीच्या सुईसारख्या पानापासून) स्वतः तयार करणं. 16 मार्च 2025 ला ही आवृत्ती आली. त्याआधीची मोठी आवृत्ती 2.10 ही 2018 ची, म्हणजे मध्ये सात वर्षं गेली. सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. या कामासाठी पाचपैकी चार गुण. ब्रश आणि पाथ (ब्रश जिच्यावरून फिरवता येतो अशी आखलेली रेघ) यांची जोडी या कामाला अगदी चपखल बसते, आणि नव्या आवृत्तीत सावली लेअरमध्ये (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकात) कायमची मिसळून जात नाही, हा फरक रीथच्या बाबतीत फार मोठा आहे. एक गुण कशात गेला ते पुढे येईलच.

बिघडलेली रीथ बहुतेक वेळा दोनच कारणांनी बिघडलेली असते. एक तर फांद्या सगळ्या एकसारख्या असतात. नाहीतर प्रत्येक फांदीवर उजेड वेगळ्या बाजूने पडलेला असतो, कारण एकच फांदी गोल गोल फिरवून चिकटवलेली असते आणि तिच्यासोबत तिची चमक आणि सावलीही फिरलेली असते. वरच्या फांदीची सावली खाली, खालच्या फांदीची सावली वर! बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं. म्हणून सगळ्या कामात एकच नियम पाळायचा: जे फिरणार आहे त्यात उजेड नको, आणि ज्यात उजेड आहे ते फिरवायचं नाही.

कॅनव्हास आणि तीन वर्तुळं

2400 गुणिले 2400 पिक्सेलची नवी फाइल घ्या. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रेझोल्यूशन 300 करा आणि फिल विथमध्ये ट्रान्सपरन्सी निवडा. छपाईत ही 8 इंचाची चौकट होते, बहुतेक कार्डांना पुरून उरते. फाइल पांढऱ्या पार्श्वभूमीवर सुरू केली आणि शेवटी पांढरा रंग काढून टाकला, तर सुयांच्या कडेला पांढुरकी किनार राहते. गडद कार्डावर ती लगेच दिसते आणि मग पुसत बसावं लागतं.

इमेज मेन्यूतल्या गाइड्समधून 50 टक्क्यांवर एक आडवी आणि एक उभी रेघ टाका. गिम्प 3.0 मध्ये वर्तुळ काढायचं वेगळं शेप टूल नाही. लंबवर्तुळाचं सिलेक्शन घ्यायचं आणि त्याचा पाथ करायचा, हा जुनाच रस्ता आहे. टूल ऑप्शन्समध्ये आकडे थेट भरा: आकार 1500 गुणिले 1500, जागा 450 आणि 450. मग सिलेक्ट मेन्यूतलं टू पाथ. तसंच 1300 चं वर्तुळ 550 वर आणि 1700 चं 350 वर. तिन्ही पाथना 'आत', 'मध्य', 'बाहेर' अशी नावं द्या, नाहीतर यादीत तीन 'सिलेक्शन' दिसतात आणि पुढे घोळ होतो.

पुढे जाण्याआधी सिलेक्ट, नन. ही पायरी विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सिलेक्शन चालू राहिलं की पुढे रंगवलेल्या फांद्या वर्तुळाच्या कडेला सुरीने कापल्यासारख्या संपतात, आणि माणूस ब्रशमध्ये दोष शोधत राहतो.

फांदीचा ब्रश

खरी मेहनत इथे आहे. नेटवरून आयती फांदी उचलली तर रीथही तशीच उचललेली दिसते.

कुठलं झाड काढतोय ते आधी ठरवा. फरच्या सुया चपट्या आणि एकेकट्या असतात. स्प्रूसची सुई चौधारी, बोटांत गोल फिरते. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्याने येतात. रीथला फर सर्वात सोपा: मधे देठ आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या सुया. पाइनची जुडगी लहान आकारात झाडूसारखी दिसतात, त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

320 गुणिले 320 ची पारदर्शक फाइल उघडा. देठ आडवा, साधारण 6 पिक्सेल जाड, शेंड्याकडे निमुळता. सुया 60 ते 75 पिक्सेल लांब आणि बुडाशी 5 पिक्सेल जाड, देठाशी साधारण 45 अंशांचा कोन करून शेंड्याकडे झुकलेल्या. एका बाजूला 14 ते 18 पुरेत. निमुळती सुई हाताने जमत नसेल तर पेंटब्रशच्या डायनॅमिक्समध्ये (ब्रशचा आकार, कोन वगैरे रंगवताना कसे बदलावेत ते ठरवणारा संच) फेड टेपरिंग घ्या, देठावर क्लिक करा आणि शिफ्ट धरून सुईच्या टोकाच्या जागी दुसरं क्लिक करा. सिमेट्री पेंटिंग पॅनेलमधला आरसा लावला की दुसरी बाजू आपोआप होते. पण शेवटच्या चार-पाच सुया आरसा बंद करूनच काढा. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या की फांदीचा मासळीचा काटा होतो.

रंग तीन. लाल, हिरवा, निळा या क्रमाने: बुडाशी 31, 61, 43; मधे 47, 93, 58; टोकांना थोडंसं 94, 138, 74. रंगाच्या खिडकीत वर 0 ते 100 आणि 0 ते 255 अशी दोन बटणं आहेत. आकडे भरण्याआधी 255 चं बटण दाबलेलं आहे ना, ते पाहून घ्या. बुडाचा गडद रंग इथेच द्यायचा, कारण एकाच लेअरवरच्या दोन फांद्यांमध्ये नंतर सावली टाकता येत नाही. तो गडदपणाच तिथे खोलीचं काम करतो. चमक मात्र अजिबात द्यायची नाही, कारण ही फांदी फिरणार आहे.

अशा तीन फांद्या तीन लेअरवर करा. एक सरळ, एक किंचित वाकडी, एक टोकाला दुभंगलेली. एखादीला थोडा आधीच तिरका कोन दिलात तर उत्तम, कारण पुढे कोनातली अनियमितता आणायला फारसे मार्ग मिळणार नाहीत. मग एक्सपोर्ट अ‍ॅज करून फाइलच्या नावाला जीआयएच हे एक्स्टेन्शन द्या. हा गिम्पचा अनेक चित्रांचा ब्रश. पेंटशॉप प्रो वापरलेल्यांना तिथली पिक्चर ट्यूब आठवेल, जात तीच. उघडणाऱ्या खिडकीत स्पेसिंग (दोन ठशांमधलं अंतर, ब्रशच्या आकाराच्या टक्क्यांत) 22, डायमेन्शन 1, रँक 3 आणि निवडीची पद्धत रँडम. फाइल कुठे ठेवायची ते प्रेफरन्सेसमधल्या फोल्डर्सखाली ब्रशेसमध्ये दिसतं. ठेवल्यावर ब्रशच्या पॅनेलमध्ये रिफ्रेश केल्याशिवाय नवा ब्रश दिसणार नाही.

फांद्या ग्रेस्केलमध्ये ठेवून रंग नंतर भरावा, असा मोह होतो. गिम्पमध्ये ग्रेस्केल ब्रशला चालू रंग चढतो हे खरं. पण फिकट राखाडी भाग अर्धपारदर्शक होतात, सुयांमधून मागचं दिसायला लागतं आणि सगळं धुरकट होतं. रंगीत ब्रशला याउलट चालू रंग लागूच होत नाही, त्यामुळे रँडम कलर डायनॅमिक्स लावून काही बदलत नाही. रंगीत ब्रशच घ्यावा. हिरव्याच्या छटा नंतर लेअरगणिक ह्यू-क्रोमाने बदलता येतात.

पाथवरून ब्रश फिरवणं

गिम्पची या कामातली खरी करामत इथे दिसते. स्ट्रोक पाथ ही कमांड पेंटब्रश टूलची त्या क्षणीची सेटिंग जशीच्या तशी उचलते, म्हणून आधी टूल तयार ठेवायचं: आकार 320, अपारदर्शकता 100, अप्लाय जिटर (ठसे रेघेपासून जरा इकडेतिकडे पाडणं) चालू आणि त्याची मात्रा 0.25.

डायनॅमिक्सला थोडा वेळ द्या. सोबत आलेले संच कुलूपबंद असतात, त्यात बदल होत नाही, तेव्हा नवा संच करा. तक्त्यात अँगलच्या ओळीत डायरेक्शनवर खूण करा आणि साइझच्या ओळीत रँडमवर. साइझचा वक्र उघडून डावं टोक उचला आणि उंचीच्या साधारण 70 टक्क्यांवर ठेवा. हे केलं नाही तर आकार शून्यापासून सुरू होतो आणि रीथमध्ये मध्येच मुंगीएवढ्या फांद्या उगवतात.

अँगलच्या ओळीत डायरेक्शन आणि रँडम अशा दोन्ही खुणा केल्या की वर्तुळाच्या दिशेने जाणाऱ्या, पण थोड्या इकडेतिकडे झुकलेल्या फांद्या मिळतील, असं वाटतं. मिळत नाहीत. गिम्प दोन्हींची बेरीज करत नाही, सरासरी काढतं, आणि फांद्या वर्तुळाची दिशाच सोडतात. फोटोशॉपमध्ये दिशेवरचा ताबा आणि कोनातला जिटर ही दोन वेगळी सेटिंग आहेत, दोन्ही एकाच वेळी चालतात. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरच्या ब्रशमध्येही हे जमतं. इथे गिम्प मागे आहे.

यावर उपाय तीन वर्तुळांचा. बाहेरच्या वर्तुळाला टूल ऑप्शन्समधला अँगल 30 द्या म्हणजे फांद्या बाहेर झुकतील, आतल्याला उणे 30, मधल्याला 0. पाथ कुठल्या दिशेने जातो त्यावर अधिक-उणे ठरतं. उलटं गेलं तर चिन्ह बदला. फांदी वर्तुळाला आडवीच बसत असेल तर कोनात 90 मिळवा. आधी एका छोट्या पाथवर चाचणी घेतली की तीनदा अनडू करावं लागत नाही.

प्रत्येक वर्तुळासाठी वेगळी पारदर्शक लेअर ठेवा. सर्वात खाली बाहेरचं, त्यावर आतलं, सर्वात वर मधलं. खऱ्या रीथमध्येही तारेच्या कड्यावर बाजूच्या फांद्या आधी बांधतात आणि मधली फळी शेवटी. पाथवर राइट क्लिक, स्ट्रोक पाथ, स्ट्रोक विथ अ पेंट टूल, खाली पेंटब्रश, आणि इम्युलेट ब्रश डायनॅमिक्सवर खूण.

320 चा 22 टक्के म्हणजे दर 70 पिक्सेलला एक ठसा. त्या हिशोबाने बाहेरच्या वर्तुळावर साधारण 76, मधल्यावर 67, आतल्यावर 58. एकूण सुमारे 200 फांद्या. स्पेसिंग 15 च्या खाली नेलं तर सुया हरवतात आणि हिरवी ट्यूब उरते. 35 च्या वर गेलं तर कडं उघडं पडतं. फांद्यांची मांडणी आवडली नाही तर अनडू करून पुन्हा स्ट्रोक करा. रँडम असल्यामुळे दर वेळी वेगळी रीथ निघते आणि फुकटात पाच-सहा पर्याय हाती येतात.

वर्तुळ जिथे सुरू होतं तिथे पहिली फांदी सगळ्यांच्या खाली आणि शेवटची सगळ्यांच्या वर असते, त्यामुळे सांधा दिसतो. तिन्ही लेअर वेगवेगळ्या कोनांत फिरवून सांधे पांगवा: एक 0, दुसरी 130, तिसरी 235 अंश. अजून उजेड कशातच नाही, तेव्हा फिरवायला हरकत नाही. एक सांधा खाली किंवा वर, जिथे रिबीन येणार आहे तिथे आणला की त्याची चिंताच मिटली.

सिमेट्री पेंटिंगमधला मंडल प्रकार वापरून एका फटक्यात बारा फांद्या काढायचा शॉर्टकट बरेच जण सुचवतात. करून बघा, सुरेख रांगोळी होते. रीथ होत नाही.

सावली, आणि 3.0 का

फिल्टर्समधलं लाइट अँड शॅडो, त्यात ड्रॉप शॅडो. तिन्ही लेअरना सारखेच आकडे: आडवं 6, उभं 8, ब्लर 10, अपारदर्शकता 0.45. म्हणजे उजेड वरून डावीकडून येतो. खिडकीत मर्ज फिल्टरची खूण काढलेली असू द्या. लेअरच्या ओळीत एफएक्सचं चिन्ह आलं की सावली जिवंत आहे, वाटेल तेव्हा आकडे बदलता येतात.

2.10 मध्ये हाच फिल्टर लावला की सावली लेअरमध्ये मिसळून जायची. नंतर लेअर जरा फिरवली की सावलीही फिरायची आणि वर सांगितलेला घोटाळा व्हायचा. 3.0 मध्ये लेअर कितीही फिरवा, सावली पुन्हा नव्याने मोजली जाते आणि उजवीकडे खालीच पडते. या एका कारणासाठी, रीथ करायची तर जुन्या आवृत्तीवर अडून बसू नये.

उणीव अशी की फोटोशॉपमध्ये ग्लोबल लाइट असतो. एकदा कोन ठरवला की सगळ्या सावल्या तो पाळतात. गिम्पमध्ये प्रत्येक लेअरची सावली स्वतंत्र. उजेड डावीकडून उजवीकडे न्यायचा तर प्रत्येक एफएक्स उघडून आकडे बदला. तीन लेअरला ठीक, पण फळं, शंकू, रिबीन धरून दहा झाल्या की एखादी हमखास राहते. आकडे एका कागदावर लिहून ठेवणं हाच उपाय. जो एक गुण कापला, तो यासाठी आणि वरच्या सरासरीसाठी.

रंगवताना सावल्यांची डोळ्यांची चिन्हं बंद ठेवा, म्हणजे त्या तात्पुरत्या लपतात. नाहीतर प्रत्येक फटकाऱ्याला सावली नव्याने मोजली जाते आणि 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्रश कर्सरच्या मागून रांगत येतो.

फळं, बर्फ, रिबीन

हॉली या काटेरी पानांच्या झाडाची लाल फळं 36 पिक्सेलची. गोल सिलेक्शन, रेडियल ग्रेडियंट, सुरुवात मध्यापासून नाही तर वर डावीकडे एक तृतीयांशावर: 214, 48, 49 पासून 120, 12, 20 पर्यंत. त्याच जागी 6 पिक्सेलचा पांढरट ठिपका, आणि खाली उजवीकडे देठाच्या विरुद्ध टोकाचा छोटा काळा बिंदू. तो बिंदू नसेल तर फळं कमी आणि गोट्या जास्त वाटतात. कॉपी करून पेस्ट अ‍ॅज मधून ब्रश करा, पण ठसे उमटवताना डायनॅमिक्स ऑफ आणि अँगल 0. नियम तोच, यात उजेड आहे, फिरवायचं नाही. तीन-तीनचे आठ-नऊ घोस पुरतात, पण अंतरं असमान ठेवा. घड्याळाच्या आकड्यांवर फळं ठेवली की भिंतीवरचं घड्याळच दिसतं. फळांची लेअर वेगळी, सावली लहान: 3, 4, ब्लर 4.

हॉलीची पानं द्यायची तर कड काटेरी आणि आत वळलेल्या कमानींची हवी. पान सपाट रंगाचं ठेवलंत तर फिरवता येतं. पानावर चकाकी हवी असेल तर ती सगळी पानं बसल्यावर वेगळ्या लेअरवर हाताने द्या.

पाइनचा शंकू ब्रशने काढण्यात वेळ घालवू नका. फोटोतून कापलेला शंकू चांगला बसतो, फक्त फोटोतला उजेड डावीकडचा हवा. उजवीकडचा असेल तर आडवा फ्लिप केला की झालं.

बर्फाची युक्ती सोपी आहे. मधल्या लेअरवर अल्फा टू सिलेक्शन घ्या (म्हणजे रंगवलेला भाग तेवढा निवडला जातो), नव्या लेअरवर ते सिलेक्शन 240, 246, 250 ने भरा. मूव्ह टूलच्या पर्यायांत सिलेक्शन हलवण्याचा पर्याय निवडून खालचा बाण आठदा दाबा आणि डिलीट. प्रत्येक सुईच्या फक्त वरच्या कडेला पांढरी रेघ राहते, बर्फ साचतो अगदी तिथेच. ती रेघ फार स्वच्छ दिसते, म्हणून नॉइजमधला स्प्रेड 4 आणि 4, मग गॉसियन ब्लर 1.5. शुद्ध पांढरा वापरला की सुया कागदी वाटतात. आणि पांढऱ्या कार्डावर छापणार असाल तर बर्फ टाकूच नका. तो कागदात विरघळतो आणि रीथच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात.

रिबिनीच्या बाबतीत गिम्प कमी पडतं. पाथ टूलने बो काढता येतो, पण एक वळण सुधारलं की सिलेक्शन, भरणं, सावली, सगळं पुन्हा. बो इंकस्केप या रेघांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, एसव्हीजी म्हणून गिम्पमध्ये उघडा आणि उघडतानाच रुंदी 700 पिक्सेल द्या. लहान उघडून मोठा केला तर कडा फुटतात.

मराठी अक्षरं वर्तुळावर

आतली मोकळी जागा साधारण 800 पिक्सेलची उरते. तिथे 'नाताळच्या शुभेच्छा' कमानीवर बसवायचं तर गिम्प चक्क इंकस्केपपेक्षा सरस आहे. इंकस्केप प्रत्येक अक्षर सरळच ठेवून पाथवर नुसतं तिरकं करतं, त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे होतात आणि सांध्यांवर कोपरे निघतात. गिम्पचं टेक्स्ट अलाँग पाथ अक्षरांची बाह्यरेषाच वाकवतं, म्हणून शिरोरेषा अखंड कमानीसारखी वळते. रोमन लिपीत हा गुण कोणाच्या लक्षातही येत नाही. देवनागरीला तो सोन्यासारखा आहे. मात्र कमान जितकी खोल तितका अक्षरांचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा आवळला जातो. 'शु'चा उकार बारीक झाला की कमान उथळ करा.

गोल सिलेक्शनचा पाथ यासाठी घेऊ नका. तो कुठून सुरू होतो आणि कुठल्या दिशेला जातो यावर ताबा नसतो, आणि अक्षरं उलटी किंवा भलत्याच ठिकाणी उमटतात. पाथ टूलने दोनच बिंदू द्या, डावा 880 वर आणि उजवा 1520 वर, डावीकडून उजवीकडे, आणि मधली रेघ वर ओढा. अक्षरांचा आकार 100 पिक्सेलच्या आसपास. मजकूर टाइप करून त्यावर राइट क्लिक, टेक्स्ट अलाँग पाथ. मिळतो तो फक्त पाथ, अक्षरं नाहीत! पाथ टू सिलेक्शन करून नव्या लेअरवर रंग भरा आणि मूळ मजकुराची लेअर लपवा. शुद्धलेखन याआधीच तपासा, कारण पाथ झाल्यावर 'शुभेच्छा'तला च्छ दुरुस्त करता येत नाही.

टेक्स्ट टूलच्या पर्यायांत शेवटाकडे लँग्वेज असतं. तिथे मराठी ठेवा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, तिथे ते त्यामुळेच येतात, नाहीतर हिंदी वळणाचे राहतात. तिरो देवनागरी मराठीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणं मुळातच आहेत. कमानीवर मध्यम जाडीचा फॉन्ट बरा, जसा मुक्ता. फार बारीक फॉन्टची शिरोरेषा सुयांच्या गर्दीत हरवते.

मेणबत्त्या हव्या असतील तर

अ‍ॅडव्हेंटची (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाची) रीथ निराळी. ती दारावर नसते, टेबलावर आडवी ठेवतात. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विकर्न यांनी 1839 मध्ये लाकडी चाकावर मेणबत्त्या लावून ही चाल सुरू केली. मोठ्या पांढऱ्या चार, रविवारांच्या, आणि लहान लाल इतर दिवसांच्या. आज कॅथलिक चर्चमध्ये, वसईतही आणि गोव्यातही, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटवतात. पॅरिशच्या पत्रकासाठी करत असाल तर चारही जांभळ्या किंवा चारही लाल रंगवू नका, लोक विचारतातच.

चित्रात ती समोरून गोल दाखवून तिच्यावर उभ्या मेणबत्त्या ठेवल्या तर त्या भिंतीतून उगवल्यासारख्या दिसतात. सावल्या देण्याआधी तिन्ही लेअर एकत्र निवडा (3.0 मध्ये हे जमतं) आणि स्केल टूलने उंची 45 टक्के करा. रीथ टेबलावर पडते. मेणबत्त्या त्यानंतर, न दाबलेल्या. मागच्या दोन पुढच्यांपेक्षा थोड्या लहान, आणि बुडं सुयांमध्ये लपलेली.

फाइल बाहेर काढताना

मूळ एक्ससीएफ (गिम्पची स्वतःची फाइल) जपून ठेवा, एफएक्सच्या सावल्या फक्त तिथेच जिवंत राहतात. वापरायला पीएनजी. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते, रीथच्या मागे पांढरा चौकोन येतो. छपाईसाठी गिम्प आरजीबीमध्येच (पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांत) काम करतं. 3.0 मध्ये टिफ आणि जेपेग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करून काढता येतात, पण छपाईत हिरवा आणि लाल दोन्ही मंदावतात. व्ह्यू मेन्यूतून सॉफ्ट प्रूफ लावून आधी बघा आणि फळांचा लाल जरा उजळ ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक छापखान्यांत कोरल ड्रॉ चालतं. त्यांना एक्ससीएफ देऊन उपयोग नाही, 300 रेझोल्यूशनची पारदर्शक पीएनजी द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या पीएनजीची पारदर्शकता जाते आणि चित्र दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्टिकर करायचं तर 512 गुणिले 512 चं वेबपी लागतं, 100 केबीच्या आत. पण हीच फाइल लहान करून चालणार नाही: 5 पिक्सेलची सुई तिथे जेमतेम 1 पिक्सेल होते आणि सगळ्या रीथचं हिरवं शेवाळ दिसतं. त्यासाठी 12 पिक्सेल जाड सुयांचा, एका बाजूला सहा-सातच सुया असलेला वेगळा ब्रश करा, वर्तुळं तीनऐवजी दोन, स्पेसिंग 30, फळं 70 पिक्सेलची, आणि बर्फ पूर्ण वगळा.